बेटावरच्या सात सुविधा (दुरुस्ती नामंजूर)

सुविधा क्र. ३ : केशकर्तनालय. धक्क्यावरून सरळ चालत यावे. निळे दार. वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सात. बंद असल्यास बाहेरच्या बाकावर बसावे, आबा येतील. आबा कुठे गेले आहेत हे कोणालाही विचारू नये. ज्याला विचाराल तोही तिथेच गेलेला असेल.

पुस्तिका तिसऱ्या क्रमांकापासून का सुरू होते, असं विचारणारे निघतीलच. पहिल्या दोन क्रमांकांवर अजून भांडण चालू आहे. ते मिटेपर्यंत पाहुण्यांनी केस कापून घ्यावेत.

मी या बेटाचा पोस्टमास्तर. लिहिणारा माणूस नव्हे, लिहिलेलं पोचवणारा. तरीही ही पुस्तिका मी लिहिली आहे, आणि तिच्यातला एक शब्दही बदलणार नाही. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको.

प्रकरण एका पत्रापासून सुरू झालं. पत्र पलीकडच्या जलवाहतूक कार्यालयातून आलं होतं आणि मीच ते मला पोचवलं. 'सदर बेटाकडे जाणाऱ्या दुपारच्या फेरीस पर्यटनाच्या दृष्टीने औचित्य आहे किंवा कसे, हे किमान सात सुविधांच्या पुस्तिकेवरून व प्रत्यक्ष पाहणीवरून ठरविण्यात येईल. अन्यथा फेरी बंद करण्यात येईल.' ज्या पत्रात 'किंवा कसे' असतं ते पत्र चांगली बातमी घेऊन कधीच येत नाही. हे मी बावीस वर्षांच्या सेवेच्या जोरावर सांगतो.

दुपारची लाँच म्हणजे काय, हे कार्यालयाला माहीत नाही. मला माहीत आहे. माझी बायको पलीकडच्या रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. सकाळी सातच्या लाँचने जाते, दुपारी साडेतीनच्या लाँचने येते. एकोणीस वर्षं ती लाँचच्या फळीवरून उतरते आणि मी टपालाची थैली घ्यायला खाली उभा असतो. ती तिची डब्याची पिशवी माझ्या हातात देते. मी घेतो. थैली एका खांद्याला, पिशवी दुसऱ्या हातात, असे आम्ही घरी येतो. एवढंच. पण एवढ्यासाठी मी आजवर तीन बढत्या नाकारल्या आहेत.

मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती कांदा चिरत होती.

"मग मी तिकडे खोली घेईन," ती म्हणाली. "रविवारी येत जाईन."

"इतकं सहज?"

"सहज कुठे? शोधावी लागेल. खिडकी हवी. आणि शेजारी सल्ला देणारं कोणी नको."

कांदा संपल्यावरही सुरी थोडा वेळ चालूच होती. मी उठलो आणि कोरा कागद काढला.

सुविधा क्र. ७ : वाहनतळ. आहे. क्षमता : एक स्कूटर. सध्या भरलेला.

शेजारी सल्ला देणारं जे कोणी होतं, ते म्हणजे भाऊसाहेब. ते पलीकडच्या कुठल्याशा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि येताना एक स्कूटर आणि कर्मणी प्रयोगाची भाषा घेऊन आले. बेटावर रस्ता एकच, धक्का ते विहीर, चारशे पावलं. भाऊसाहेब रोज सकाळी स्कूटर विहिरीपर्यंत नेतात. तिथे वळायला जागा नाही, म्हणून दोघं जण ती उचलून तोंड फिरवून देतात. मग ते परत येतात. याला ते 'गाडी काढणे' म्हणतात.

"मास्तर," ते माझा मसुदा चिमटीत धरून म्हणाले, "'आबा येतील' असं नाही लिहायचं. 'संबंधित उपस्थित होतील' असं लिहायचं. आणि वाक्यं कशाला? तक्ता द्या तक्ता."

"पाहुण्यांना वाचायचंय भाऊसाहेब."

"पाहुणे कोण बघतंय? साहेब वाचणार. साहेबाला आडव्या रेघा आवडतात."

त्यांच्या सांगण्यावरून मी आडव्या रेघा मारल्या. तेवढ्यात आत्या आल्या. धक्क्याजवळ त्यांची चहाची टपरी आहे आणि सगळ्या गावाच्या त्या आत्या आहेत, वयाने मोठ्या असलेल्यांच्याही. निवास एक नंबरवर आणि अल्पोपहार दोन नंबरवर, हे त्यांनी लांबूनच पाहिलं.

"माणूस आल्या आल्या झोपतो का रे?"

"तसं नाही आत्या, शासनाच्या नमुन्यातच..."

"आधी चहा पितो! का तुझी वरची खोली आहे म्हणून ती पहिली?"

हे मात्र जिव्हारी लागलं. आमची वरची खोली मी निःस्वार्थपणे दिली होती. तिच्यात सासूबाईंची पेटी, एक मोडका पंखा आणि खिडकीतून दिसणारं थोडं पाणी आहे. ती पहिली यावी अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. पण असा आरोप झाल्यावर ती दुसऱ्या नंबरवर जाणं शक्य राहिलं नाही.

सुविधा क्र. ६ : स्वच्छतागृह. किल्ली आबांकडे कंगव्यांच्या खुंटीला.

सुविधा क्र. ४ : वाचनालय. एक हजार चाळीस पुस्तके. वाचनालयाच्या काकू पुस्तक देण्याआधी शेवट सांगतात. शेवट आवडला नाही तर पुस्तक नेऊ नये, असा नियम आहे. आजवर कोणी पुस्तक अर्धवट टाकलेले नाही.

(भाऊसाहेबांची सूचना : शेवटचे वाक्य वगळावे, अप्रस्तुत आहे. माझा शेरा : राहील.)

सुविधा क्र. ५ : प्रथमोपचार. पोस्टातले लोखंडी कपाट. कापूस, आयोडीन, टपालाचा डिंक.

अशा रीतीने सात झाल्या. पुस्तिका पाठवली. नऊ दिवसांनी उलट टपाली कळलं की पाहणी अधिकारी येत्या मंगळवारी दुपारच्या लाँचने येतील, चाळीस मिनिटं थांबतील आणि त्याच लाँचने परत जातील. सुविधा चालू स्थितीत आढळल्या पाहिजेत.

सोमवारी वाचनालयात सभा झाली. ज्यांनी आयुष्यात एकमेकांचं ऐकलं नाही ते सगळे एका गोष्टीवर एकमताने मान हलवून मोकळे झाले. एवढ्यावरूनच मला संशय यायला हवा होता. ठरलं असं, की साहेब उतरतील त्या वेळी प्रत्येकाने आपापल्या जागी असायचं. आबांनी सलूनमध्ये, आत्यांनी टपरीवर, काकूंनी पुस्तकांत, भाऊसाहेबांनी स्कूटरपाशी, मी कपाटापाशी. उरलेल्यांनी गिऱ्हाईक म्हणून बसायचं.

"एक जण जरी जागेवरून हलला," मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "तरी लाँच गेली म्हणून समजा!"

टाळ्या पडल्या. मी इतका चांगला बोललो होतो की घरी येऊन बायकोला पुन्हा बोलून दाखवलं.

मंगळवारी साडेतीनला भोंगा झाला. माझे पाय आपोआप उठले, त्यांना मी खाली बसवलं. खिडकीतून पाहिलं. आबा स्वच्छ एप्रन घालून दारात उभे होते, हातात कात्री. आत्यांनी कपबश्या मांडल्या होत्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. इतकं शिस्तबद्ध गाव मी कधी पाहिलं नव्हतं. दुसरा भोंगा झाला. कोणी हललं नाही. तिसरा भोंगा जरा लांबलचक, चिडल्यासारखा झाला. तरीही कोणी हललं नाही. खरं सांगतो, मला भरून आलं.

चौथा भोंगा लांबून आला.

मग टपरीवरून आत्यांची आरोळी ऐकू आली. "अरे मेल्यांनो, दोर कोण झेलतंय?"

आता धक्क्याविषयी सांगायलाच हवं. आमच्या धक्क्यापाशी पाण्याला ओढ आहे. लाँच आली की वरून दोर फेकतात, तो खालच्या माणसाने झेलून खुंटाला बांधायचा असतो. नाही तर लाँच टेकत नाही. लाँचवरच्या खलाशाने स्वतः उडी मारू नये असं परिपत्रक आहे. दोर झेलणाऱ्याचं सरकारी पद आमच्याकडे होतं. तो मनुष्य अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झाला आणि पद 'भरण्याच्या विचाराधीन' आहे. तेव्हापासून भोंगा झाला की आबा गिऱ्हाईकाच्या गालावर अर्धा साबण ठेवून धावतात आणि दोर झेलतात. काकू फळी धरतात. आत्या भाजीच्या टोपल्या उतरवून घेतात, बाकीचे पोती घेतात, मी थैली घेतो. भाऊसाहेब 'सावकाश' म्हणतात. हे कोणाचंच काम नाही, म्हणून सगळं गाव करतं. आणि हे कोणाचंच काम नाही, म्हणून सभेत ते कोणाला आठवलं नाही.

आम्ही धावलो. तोवर लाँच पाण्यात तीन फेऱ्या मारून परत वळली होती. तिच्या मागच्या कठड्याशी माझी बायको उभी होती. तिने हात हलवला नाही.

पाच मिनिटांनी फोन वाजला.

"कुठे आहात?"

"धक्क्यावर."

"आणि मघाशी?"

"पोस्टात. जागेवर."

"शाब्बास. मी परत चालले. आज मैत्रिणीकडे राहते. आणि साहेबांना लागलंय."

"काय लागलं? कुठे?"

"लाँच लागली. माझ्या डब्याच्या पिशवीत ओकले. नवीन पिशवी होती हो."

बेट वाचवायला निघालेल्या माणसाची बायको त्याच्याच योजनेने पळवून नेली, अशी घटना इतिहासात झालेली असली तर मला कळवावं. एकटं वाटणार नाही.

संध्याकाळी सगळे पोस्टासमोर जमले. मी सांत्वनाची तयारी ठेवली होती.

"मी म्हणतच होते," काकू म्हणाल्या, "या गोष्टीचा शेवट मला आधीच ठाऊक होता."

"मग सांगायचा होता!"

"तुम्ही टेबलावर हात आपटत होता ना."

"सदर चूक मास्तरांकडून झालेली आहे," भाऊसाहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून आलेलं हे पहिलंच वाक्य ज्यात करणाऱ्याचं नाव होतं.

बुधवारी साहेब पुन्हा आले. यावं लागलं. 'बेट आढळले नाही' असा रकाना नमुन्यात नव्हता. या वेळी आम्ही सगळे धक्क्यावर होतो. भोंगा संपायच्या आत आबांनी दोर झेलला आणि खुंटाला अशी गाठ मारली की काय सांगू. साहेब फळीवरून उतरले. सडपातळ, चष्मेवाला, रंगाने कालच्या प्रवासातला हिरवा अजून शिल्लक. त्यांच्या मागून माझी बायको उतरली. तिने मला पिशवी दिली नाही. तिच्याकडे पिशवी नव्हती.

साहेबांनी कोणाकडे पाहिलं नाही. पुस्तिका उघडून ते थेट चालायला लागले. मी मागे धावलो.

निळं दार. बंद. साहेबांनी लिहिलं.

"साहेब, सलून आत्ता पोती उतरवतंय. ते बघा, एप्रनवालं."

"सुविधा जागेवर असावी लागते."

वाचनालय. बंद.

"वाचनालयाने फळी धरलीय साहेब! तुम्ही आत्ता तिच्यासमोरून उतरलात!"

"जागेवर," साहेब म्हणाले.

टपरीवर चहा उकळत होता, आत्या नव्हत्या. स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली बंद सलूनमध्ये. वाहनतळावर स्कूटर होती, पण साहेबांनी 'वापरात नाही, सबब बंद' असं लिहिलं. हे ऐकून भाऊसाहेबांना काय होईल या विचाराने मीच कासावीस झालो. वरची खोली बघायला साहेब आलेच नाहीत, खालूनच मान वर करून त्यांनी ती बंद केली. पोस्टाचं कपाट उघडायला माझ्याकडे किल्ली होती, पण घाईत मी थैलीची किल्ली लावत बसलो. सात रकाने, सात वेळा 'बंद'. पस्तीस मिनिटांत आमचं अख्खं गाव मिटवून ते धक्क्यावर परतले. सगळे पोती उतरवून घाम पुसत उभे होते.

"काय लिहिलंत?" बायकोने विचारलं.

"गोपनीय आहे, बाई."

"काल तास-दीड तास माझ्या पिशवीत तोंड घालून बसला होतात, तेही गोपनीय का?"

साहेब हिरवे होते ते लाल झाले आणि लाँचवर चढायला लागले. "वेळ झाली. सोडा," ते आबांना म्हणाले.

आबा खुंटाकडे वाकले.

"आबा," बायको म्हणाली. आवाज चढवला नाही. "साहेबांना सुविधा जागेवर बघायच्यात. दुकान उघडा जा."

"आणि दोर?"

"दोर कुठे सुविधांच्या यादीत आहे?"

आबा सरळ झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या क्षणी गावाचा प्रमुख नागरिक म्हणून मी काहीतरी बोलणं आवश्यक होतं. मी म्हणालो, "हो, दोर यादीत नाही." पुढे लोक ही युक्ती माझ्या बायकोची होती असं सांगतात. मान्यता माझी होती, एवढी नोंद असावी.

आबा गेले. काकूंनी फळी तशीच ठेवली आणि गेल्या. आत्या गेल्या. दोन मिनिटांत धक्का रिकामा झाला.

"सारंग!" साहेब लाँच चालवणाऱ्यावर ओरडले. "सोड दोर!"

"उतरायचं नाही असं परिपत्रक आहे साहेब," सारंग विडीची राख झाडत म्हणाला.

"मग काप!"

"सरकारी मालमत्ता आहे. लेखी द्या, कापतो."

साहेबांनी लेखणी उघडली. लेखणीकडे पाहिलं. बंद केली. मग खाली उतरून स्वतः गाठीशी झटू लागले. ओला दोर, त्यावर लाँचची ओढ आणि आबांचा अकरा वर्षांचा हात. गाठीने दाद दिली नाही, साहेबांची नखं मात्र गेली.

ते निळ्या दाराशी आले तेव्हा दार सताड उघडं होतं. खुर्चीवर मी होतो, गळ्यापर्यंत फेसात.

"दोर सोडा," साहेब म्हणाले.

"बसा," आबा म्हणाले. "नंबर आहे. तुमच्या आधी भाऊसाहेब."

"मला दाढी करायची नाहीये!"

"तुम्हाला नाही. मला करायचीय," आबा म्हणाले. "अकरा वर्षं अर्धी ठेवतोय लोकांची. आज पुरी करणार."

साहेब बाकावर बसले. बसल्या बसल्या त्यांना आत्यांचा चहा आला. न घेणं शक्य नव्हतं, आत्या समोर उभ्या होत्या. चहानंतर त्यांना कंगव्याच्या खुंटीवरची किल्ली लागली. परत आले तर नखांतून रक्त येतंय हे बायकोने पाहिलं, त्यांना पोस्टात नेलं आणि आयोडीन लावलं. भाऊसाहेबांनी त्यांना स्कूटरवर बसवून विहिरीपर्यंत नेलं आणि तोंड फिरवायला उतरवून उचलायला लावलं. काकूंनी एक पुस्तक काढून शेवट सांगितला, तो त्यांना आवडला, पुस्तक त्यांच्या काखेत आलं. तोवर पाच वाजले होते आणि साहेब जिना चढून आमच्या वरच्या खोलीत सासूबाईंच्या पेटीवर टेकून बसले होते. मोडक्या पंख्याकडे बघत.

"काका, झोपा जरा," बायको खाली जाता जाता त्यांना म्हणाली. साहेब माझ्याहून लहान असावेत.

"सात," मी बोटं मोजून दाखवली. "सातही जागेवर. आता ते 'बंद' खोडा."

"खाडाखोड चालत नाही." त्यांचा आवाज इतका थकलेला होता की मला प्रथमच तो माणसाचा वाटला. "आणि दुसरा नमुना मी आणलेला नाही."

"म्हणजे लाँच जाणार?"

खाली बायको भांडी लावत होती, तो आवाज थांबला. मी साहेबांसमोर उभा होतो, अर्धा गाल अजून फेसाचा. बढती, बदली, पेन्शन, सगळं पणाला लावून मी म्हणालो, "मग तुम्हीही जाणार नाही."

धमकी म्हणून हे फार भारी नव्हतं, पण मी आयुष्यात दिलेली ती पहिलीच. साहेबांनी नमुना उलटा केला. मागे एकच रकाना मोकळा होता, 'इतर शेरा'. त्यात त्यांनी सावकाश, सुंदर अक्षरात काहीतरी लिहिलं आणि घडी घातली. आबांनी गाठ एका हिसक्यात सोडली.

महिन्याने उत्तर आलं. मीच ते मला पोचवलं, पण या वेळी धक्क्यावरच फोडलं. सातही सुविधा बंद आढळल्याने बेटास पर्यटनाच्या दृष्टीने काहीही औचित्य नसल्याचं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. तथापि, पाहणी अधिकाऱ्याच्या शेऱ्यानुसार, 'सदर बेटावर कर्तव्यार्थ गेलेला अधिकारी अडकून पडण्याचा गंभीर धोका असून, परतीची कोणतीही सोय कमी करणे शासकीय हिताचे होणार नाही. सबब दुपारची फेरी चालू ठेवण्यात येत आहे.'

बायकोने पत्र दोनदा वाचलं. मग नवीन पिशवी माझ्या हातात दिली आणि चालायला लागली.

पत्राला एक जोडपत्र होतं. पुस्तिकेत मी मधल्या काळात खालील भर घालून ती कार्यालयाला पाठवली होती, ती भर तातडीने वगळावी, ती शासनास धमकी वाटते, असं त्यात होतं.

सुविधा क्र. ८ : परत जाणे. पाहुण्यांनी निर्धास्त यावे. परत पाठवण्याची व्यवस्था गावाकडे आहे. ती मागितल्यावर मिळते. नीट मागावी.

भाऊसाहेबांचं म्हणणं पडलं की 'विचाराधीन' असं कळवावं, म्हणजे अकरा वर्षं तरी काही होणार नाही. सल्ला मोलाचा होता. मी मानला नाही. पोस्टाच्या कागदावर, आडव्या रेघा न मारता, एकच शब्द लिहिला : नाही. खाली सही केली, शिक्का मारला, तिकीट लावलं, आणि दुपारच्या लाँचने रवाना केलं.